दुसरं टोक

लेकीला वसतिगृहात सोडलं.
परतीचं विमान उद्याचं, म्हणून उतरले
व्हरमाँटमधल्या या सराईत. घोडागाड्यांच्या काळातली;
जिन्याची प्रत्येक पायरी वेगळ्या सुरात कुरकुरते.
सप्टेंबर नुकता लागलाय, तरी रात्री बोटं गारठतात.
आणखी एखादं पांघरूण असेल म्हणून
कपाटाचा खालचा खण ओढला,
तर पांघरुणाखाली ही सुरळी.

जुन्या पत्रिकेसारखी लांब,
पुढून उलगडावी तर मागून मिटत येणारी.
एका टोकावर बूट ठेवला, मग बायबल, मग किटली.
किटली ठेवते तोवर बूट घसरला.
हात पुरले तेवढीच माणसं दिसली:
सतरा मिशा, एक बिगुल,
आणि तीन डोक्यांचं कुत्रं. हललं असणार.
कोपऱ्यात पांढऱ्या शाईत:
पाटीच्या खाणीतले कामगार, १९११.

पाटी! म्हणजे तीच, लाकडी चौकटीतली,
थुंकीनं पुसायची आणि बाईंचा मार खायचा.
ती कुठल्या तरी डोंगरातून खणून काढतात
हे पन्नाशी आली तरी डोक्यात आलं नव्हतं.

दारावर टकटक. मालकीणबाई, डिलिस प्रॉसर,
गरम पाण्याची पिशवी घेऊन.
पिशवी त्यांनी पलंगावर टाकली,
काही न विचारता दुसरं टोक धरलं
आणि मागे मागे सरकत गेल्या,
चादरीची घडी घालताना
समोरचं माणूस सरकतं तशा.

मग त्या तिकडून, मी इकडून.
त्या म्हणाल्या, इथे एक पोरगा आहे, एक मोजा घसरलेला.
मी म्हटलं, इथेही. मोजा तोच.

थोड्या वेळानं त्याच हसल्या.
कॅमेरा तिवईवर किल्लीनं फिरायचा, सावकाश.
या टोकाचं काम झालं की पोरगं
कॅमेऱ्यामागून धूम ठोकून त्या टोकाला उभं.
माझ्याकडे त्याच्या डोक्यावर टोपी आहे,
त्यांच्याकडे नाही.

टोपी कुठे पडली ते फोटोत नाही.
पण मधली माणसं नीट बघा:
कॅमेऱ्याकडे कोणाचं लक्षच नाही,
ओठ दाबून सगळे त्याच्या मागे काहीतरी बघतायत,
आणि एक बाई, कडेवर तान्हं,
हात अर्धा उचललेला, तोंड उघडं.
पडशील रे,
की नुसतंच नाव त्याचं.

"सोडू?" डिलिसबाईंनी विचारलं.
मी जरा थांबले. मग म्हटलं, सोडा.
दोन्ही टोकं दोन बाजूंनी मिटत आली
आणि मधोमध एकमेकांवर आपटली.

सकाळी पांघरुणाची घडी एकटीनंच घातली,
मध्य हनुवटीखाली दाबून.
वेडीवाकडी झाली.
खणात बसली पण.