परत मिळणारे पन्नास दिनार

रात्रीचे साडेअकरा. एसीची घरघर.
गाडी अजून कुठेच नाही,
तिचं चित्र आहे, कुठल्यातरी ओल्या घाटरस्त्यावर,
आणि खाली एक निळा चौकोन : जागा राखून ठेवा.
पन्नास दिनार. परत मिळणारे.

मी सित्र्याच्या प्रयोगशाळेत पेट्रोल तपासते.
ऑक्टेन, गंधक, बाष्पदाब.
अकरा वर्षं तो वास केसांत घेऊन घरी येते,
शिकेकाईलाही दाद देत नाही.
त्याच वासावर धाकटीचं लग्न झालं,
गुहागरला विहिरीवर पंप बसला.
तर त्याच्याशी आता बेइमानी करायची का,
हा पहिला प्रश्न. तो मी लगेच सोडून दिला.
पेट्रोलला माझं काही वाटत नसणार.

मग ते पाचशे वीस किलोमीटर, एका चार्जमध्ये.
इथे सरळ गाडी हाणली
तर पन्नासाव्या किलोमीटरला समुद्र लागतो.
बेट संपतं, चार्ज उरतो.
उरलेल्याचं मी काय करू? लोणचं?
पुलावरून पलीकडे जाऊ ना, निरंजन म्हणतो,
जो चार वर्षांत त्या पुलावर
मधल्या बेटापर्यंत गेलाय, तेही चहा प्यायला.

इमारतीखाली प्लग नाही.
वॉचमन मुख्लिस म्हणाला, वायर सोडू की तिसऱ्या मजल्यावरून,
भाजीची टोपली सोडता तशी.
सलमाबादचा रियासत, माझ्या जुन्या गाडीचा वैद्य,
(कधी कंप्रेसर, कधी बेल्ट,
दर उन्हाळ्याला तिचं एक नवं दुखणं)
चित्र बघून आधी गप्प झाला.
हात पुसले. पुसून झालेले परत पुसले.
'बाजी, इसमें मैं खोलूँगा क्या?'
हे माझ्या यादीत नव्हतं.

शेजारच्या टेबलावरची उम्म जाफर हसली.
तिचे आजोबा मोत्यांसाठी बुड्या मारायचे.
मोसमाआधी नाखुदा त्यांना पैसे द्यायचा, म्हणाली.
नाखुदा. आमच्याकडे तो नाखवा,
आणि त्या पैशांना आम्ही उचल म्हणतो.
उचल घेतली की माणूस बांधला गेला.
नाही फिटली तर त्याच्या जागी मुलगा उडी मारी.
'तू तर उलटी उचल देतेयस, कंपनीला.
मग बांधलं कोण गेलं?'
परीक्षानळी उजेडात धरून ती बघत राहिली,
उत्तर तळाशी बसेल अशी.

गाडीचा ताबा : पुढच्या वर्षी, ऑक्टोबर.
माझ्या रहिवासाचा शिक्का : पुढच्या वर्षी, फेब्रुवारी.
मधले आठ महिने कुणाच्या नावावर आहेत
हे कुठेच लिहिलेलं नाही.
या बेटाने मला वर्षं नेहमी जोडीने दिली, चपलांसारखी.
एक जोड झिजला की नवा मागायचा.
गेल्या महिन्यात ब्लेंडिंगमधल्या तिघांना नवा मिळाला नाही.
त्यांतल्या व्हिन्सीकडून मी इस्त्रीचं टेबल घेतलं,
तिच्या घाईच्या किमतीत.
आमचा सोफाही असाच कुणीतरी निघून जाताना आलेला.
कोऱ्या वस्तूचं वेष्टण
मी या घरात फाडल्याचं आठवत नाही.

फॉर्मने नाव विचारलं. फोन विचारला.
ऑक्टोबरमध्ये इथे असाल का, हे विचारलंच नाही.
रंग विचारला.
वाळू, राख, खोल समुद्र, मोती.
मोती निवडला. मागे गेले.
मळतो तो, इथे धूळ केवढी, म्हणून राख.
मग पुन्हा मोती.

बँकेचे सहा आकडे आले. मुदत तीन मिनिटं.
इतकी स्वच्छ मुदत मला इथे कुणी दिली नव्हती.
बाहेर एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
चार आकडे भरून झाले.
निरंजनने कूस बदलली.
'कुणाचा मेसेज, एवढ्या रात्री?'
म्हटलं, ऑक्टोबरचा.