एकशे एकोणपन्नास

ओशहून परतले तेव्हा बाबांनी पाटी करून ठेवली होती.
पत्र्याची, निळ्यावर पांढरी:
डॉ. विजयमाला परशराम कडोलकर.
बसवंत पेंटरनं डॉ. पुढचा टिंब
लिंबाएवढा काढला होता.

मग ती पाटी मागाच्या मागे,
भिंतीकडे तोंड करून.

आमच्या वडगावात माग रात्री दहापर्यंत चालतात.
त्या आवाजात पाठ केलेलं त्याच आवाजात आठवतं,
पोटॅशियम, खट,
कॅल्शियम, खट,
आणि मध्येच आईची हाक जिन्याखालून,
'वाचूलालीस का झोपूलालीस गं?'

पहिल्यांदा एकशे बावीस.
मग एकशे एकतीस.
मग परत खाली, एकशे सव्वीस, त्या डिसेंबरात आई आजारी होती,
पण ते कारण मी कुणाला दिलं नाही, स्वतःला सोडून.
चौथ्यांदा किती, ते सांगत नाही.
तीनशेतले दीडशे लागतात.
निकालाच्या दिवशी कुंदा आणणं
बाबांनी तिसऱ्या खेपेनंतर थांबवलं.

पाचव्यांदा एकशे एकोणपन्नास.

बाबांनी मागाचा स्विच बंद केला.
म्हणाले, 'एक धागा तुटला तर,'
आणि पुढचं वाक्य त्यांना सुचलं नाही.
पुन्हा स्विच लावला.

निपाणीच्या मावशीनं स्थळ आणलं:
मुलाचं औषधाचं दुकान आहे,
म्हणजे तुझं शिक्षण वाया जाणार नाही.

मी तेव्हा टिळकवाडीत एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला होते,
महिना नऊ हजार.
बीपी घ्यायचं, सलाईन बघायचं, केसपेपर लिहायचा,
सही करायची नाही.
सहीची जागा सकाळपर्यंत रिकामी ठेवायची
आणि पेशंट सिस्टर म्हणाले तर ओ द्यायची.
एका रात्री खानापूरचा एक म्हातारा
कण्हत होता, मी चुकून रशियनमध्ये विचारलं,
बोलित?
तो म्हणाला, बोलतो की, पण दुखतंय आधी ते बघ.
पाच वर्षांत तेवढंच मी पोट धरून हसले.

सहाव्यांदा एकशे त्रेसष्ट.
गल्लीत कुणी विचारलंच नाही,
विचारायची सवय मोडली होती त्यांची.
मीच बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले थोडा वेळ,
मग दूध घेऊन परत आले.

नंतरचं भराभर सांगते, कारण ते भराभर झालं नाही:
इंटर्नशिप, पुन्हा एक परीक्षा, ती दोनदा,
काउन्सेलिंगची तिसरी फेरी,
भूलशास्त्राची एक उरलेली सीट, इथलीच.
आई म्हणाली, 'भूल? म्हणजे तू कापत नाहीस?'
नाही. ते कापतात तोवर मी जागी असते.

बाबांनी पाटी बाहेर काढली, फडक्यानं पुसली.
मधल्या काळात नियम बदललाय.
आता कन्नड वर, मोठं. मराठी खाली, जागा उरली तर.
आणि बसवंतचा मुलगा ब्रश धरत नाही, मशीनवर अक्षरं कापतो.
म्हटलं, बाबा, अजून तीन वर्षं आहेत.
'तीन वर्षांत गंजेल,' म्हणाले,
आणि तेलाचा बोळा घेऊन बसले.

आज टेबलावर हुक्केरीची एक आज्जी,
कानात मोत्यांच्या कुड्यांची भोकं, कुड्या मुलाच्या खिशात.
'नीन डाक्टरेनव्वा?'
हौद्री, म्हटलं. घसा न खाकरता.
मोजा बघू, आज्जी.
ओंद, एरड, मूर,
मी मास्क धरून तिच्याबरोबर पुटपुटत होते,
या आकड्यांना मी कधी भ्याले नव्हते,
नाल्क,
ऐद म्हणताना जीभ जड झाली तिची
आणि पुढचे सगळे माझ्याकडे आले.

दुपारी दार ढकलून बाहेर आले तर तिचा मुलगा,
मुठीत कुड्या,
शुद्धीवर यायला किती वेळ लागेल?
मला विचारत होता.
लागतो थोडा, म्हटलं.
बसा.