रिमला टाकी

बेर्गाच्या गॅरेजात मी आस धरून
चाक हळू फिरवत राहतो.
केराल्त रिमच्या कडेला ग्राइंडर टेकवते,
नुसता टेकवते, दाबत नाही.
जात्याला टाकी लावावी
तसे बारीक, तिरके ओरखडे.
नवी चकाकी गेली. माझे एकशेवीस युरो.

"गुळगुळीत असलं की निसटतं, बाबा."

रविवारी उंच खडकाच्या ओठावर
मागच्या चाकावर ती तोललेली,
ब्रेकवर एकच बोट.
रिम किंचाळली, रानडुकरासारखी,
आणि चाक जागच्या जागी थिजलं.

खाली मी, हात वर करून,
झेलायचं म्हणून.
तिनं पाहिलंसुद्धा नाही.

रात्री साबणानं हात धुतले तीनदा.
ॲल्युमिनियमची करडी भुकटी
नखांतून निघता निघेना.
पुढचं चाक उद्या, म्हणाली.