परिच्छेद सात

लिस्बनच्या विमानतळामागे, सहाव्या मजल्यावर,
माझं काम नाही म्हणायचं.
तेही मी माझ्या शब्दांत म्हणत नाही,
शब्द तयार असतात, क्रमांक घातलेले.
धुक्यासाठी परिच्छेद तीन,
इंजिनात पक्षी गेला तर चार,
संपासाठी सात:
"असाधारण परिस्थितीमुळे आपली भरपाई देय नाही.
गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

खाली फाटकापाशी संप बसलाय, आज चौथा दिवस.
निळे स्कार्फ, थर्मास, एक बेसूर भोंगा.
त्यात फाउश्तू आहे, कँटीनमध्ये माझी जागा धरून ठेवणारा.
त्यांच्या झोपेचे तास कंपनीने कातरले
नखं कापावीत तसे, दर हंगामाला थोडे थोडे,
आता कातरी मांसाला लागली.
मी खिडकीशी जात नाही.
गेले तर तो हात हलवेल,
आणि मग सात चिकटवताना
बोट अडखळेल.

न्यायालयाने केव्हाच सांगून टाकलंय
की आपल्याच माणसांचा संप ही काही
आभाळातून पडलेली गोष्ट नव्हे.
व्हेरिसिमूला, आमच्या सुपरवायझरला, हे तोंडपाठ आहे.
"तरी सात पाठव," तो म्हणतो,
"दहातले सात उलट लिहीतच नाहीत.
उरलेल्या तिघांचं बघू."
शिवाय प्रवाशाला खापर फोडायला डोकं लागतं.
ते निळ्या स्कार्फातलं असलं तर उत्तम.

आज तीनशे अर्ज.
कुणाचं हॉटेल बुडालं, कुणाचं लग्न हुकलं,
स्वतःचं नव्हे, चुलतबहिणीचं, तरी पान भरून रडलीय.
एकाने सँडविचची पावती जोडलीय, सव्वाचार युरो,
आणि खाली: चव वाईट होती, तेही धरा.
सात. सात. सात.

आणि मग आबिलियू तेलेश.
वय एकसष्ट, लक्झेंबर्गमध्ये फरशा बसवतो.
अर्ज हाताने भरून त्याचा फोटो काढलेला,
कोपऱ्यात अंगठा आलाय, नखात सिमेंट.
विलंब: एकतीस तास.
अंतर: "तुम्ही सुतळी ताणून मोजता म्हणे, सतराशे किलोमीटर.
मी पहिल्यांदा तिकडे गेलो तो दोन बस, एक ट्रक
आणि बरंचसं चालून.
पण असो, सुतळी तर सुतळी."
नुकसान: "काही नाही.
जमिनीवर झोपलो, पाठीला सवय आहे.
त्या पोरांवर माझा राग आहे असं कुठे लिहू नका.
चौऱ्याऐंशी साली कौलांच्या भट्टीवर आम्हीही बसलो होतो,
बावीस दिवस. भट्टी गार पडली,
आईने कानातली विकली,
भरपाई कुणी विचारली नाही.
संप त्यांचा हक्क. चारशे युरो माझा.
दोन्ही एकाच खिशात मावतात.
पाठवून द्या."

मी तीनदा वाचलं.
'विनंती' हा शब्द कुठेच नव्हता.

सात चिकटवला.
मग, कुणी पाठीशी नाहीसं बघून,
पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर तेवढं खोडलं.
एक 'अ'. केवढासा तो.
"साधारण परिस्थितीमुळे आपली भरपाई देय नाही,"
कंपनीच्या शिक्क्यासह, माझ्या नावासह.
हे वाक्य घेऊन तो कुठल्याही कचेरीत जाऊ शकतो.
जाईल. त्याचा अंगठा पाहिलाय मी.

व्हेरिसिमूने विचारलं तर टायपिंगची चूक.
रोज तीनशे करते,
एखादं अक्षर माझ्याही नावावर सांडू दे.

निघताना खिडकीशी गेले.
फाउश्तू नव्हता. घरी गेला असेल, झोपायला.
भोंगा दुसरंच कुणी वाजवत होतं,
जरा बऱ्या सुरात.