कोरडं बंदर

समुद्र इथून सव्वाशे किलोमीटर.
तरी आमच्या गावाला बंदर आहे.
चाकणच्या अलीकडं, उसाच्या एका पट्टीला लागून,
कंपाउंडच्या पाटीवर नांगराचं चित्र.
जहाजाचा नांगर.
बोत्रे आबांनी तो बराच वेळ निरखला
आणि विचारलं, ह्याला फाळ कुठंय?

मी बंदराच्या वजनकाट्यावर बसते.
गाडी चढते, आकडा थरथरतो, थांबतो. पावती.
भरलेली, रिकामी, भरलेली.
मग खिडकीतून हात काढून म्हणायचं, पुढं घ्या.
पुढं घ्यायला पुढं जागा नसते.

रस्ता वाढणार आहे.
दर दोन वर्षांनी मोजणीवाले येतात,
भिंतीवर लाल रंगानं बाण मारून जातात.
पहिला बाण ठकूबाईच्या ओट्यावर होता,
दुसरा मोरीपाशी,
तिसरा थेट देवळीखाली.
तिनं त्याच्यावर कॅलेंडर टांगलंय,
मागच्या वर्षीचं.
बंदर मात्र बाण न मारताच वाढलं.
दोन शेड होत्या, नऊ झाल्या.
शेडना दारं चौसष्ट, गावाला रस्ता एक,
शाळेचा तोच, दुधाचा तोच,
मयताचाही तोच.

फेब्रुवारीतला गुरुवार. संध्याकाळी सहा चाळीसला
अंगद सानप, गाव पाटोदा,
नारायणगावची द्राक्षं घेऊन काट्यावर चढला.
थंड पेटी. पेटीचं वेगळं इंजिन, त्याची वेगळी घरघर.
"ताई, उरका.
उद्या बाराला न्हाव्याचं गेट बंद होतंय,
जहाज काय आपल्यासाठी थांबत नसतंय."
अडतीस हजार चारशे साठ.
पावती दिली. पुढं घ्या.

त्या रात्री चौकापासून बंदरापर्यंत
सगळ्यांनी नांगर टाकला होता.
कुणी ट्रेलरखाली स्टोव्ह पेटवून खिचडी लावली,
कंपनीच्या बसमधल्या पोरी उतरून
चपला हातात घेऊन कोथिंबिरीच्या वाफ्यांतून गेल्या.
दूधवाल्यानं कॅन डोक्यावर घेतले.
वॉर्डन पोरगं शिट्टी फुंकत राहिलं,
मग शिट्टी खिशात घालून
तेही खिचडी खायला बसलं.

शुक्रवारी दुपारी दीडला अंगद परत काट्यावर.
चौकापर्यंत पोचला होता. चार किलोमीटर.
जहाज गेलं असेल, तो म्हणाला,
जसं कुणी म्हणावं, एसटी गेली असेल.
"मालकाला पावती पाहिजे. पुन्हा करा वजन."

अडतीस हजार चारशे वीस.

मी बाहेर येऊन काट्याचे चारी कोपरे झाडले,
गाडी उतरवून शून्य बघितलं,
पुन्हा चढवली. चारशे वीसच.
सील जागच्या जागी.
द्राक्षाचा एक मणी हलला नव्हता.
"डिझेल असंल, ताई," अंगद म्हणाला.
"पेटीनं प्यालं, थोडं माझ्या इंजिनानं.
उभ्या उभ्या दुसरं काय करणार?"

चाळीस किलो.
चौथीतली दोन बारकी पोरं होतात एवढ्यात.
एका गाडीचे चाळीस. आणि रांगेत
मी दोनशे सहापर्यंत मोजल्या होत्या,
मग डोळा लागला.

सांगितलं आबांना.
ते वाळत घातलेल्या धोतरावरून बोट फिरवत होते,
बोट काळं झालं.
"मग गेलं कुठं असं कसं म्हणतेस," ते म्हणाले,
"इथंच तर आहे.
आमच्या नावावर जमा धर."

जमेला रकाना नाही आमच्या रजिस्टरात.
शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलंय, पेन्सिलीनं,
साहेब आले तर खोडता यावं म्हणून:
तारीख. गाडी नंबर. चाळीस किलो.
शेरा: माल गावात उतरला.