सभेनंतर हॉल झाडताना

सभा संपली. सल्लागार बाई टोरांटोच्या विमानाला गेल्या.
खुर्च्या एकावर एक रचायचं काम माझं,
भिंतीवरून गळलेल्या चिठ्ठ्या वेचायचंही.
हीटर जोरात होता. पिवळ्या कागदाचा डिंक
विनिपेगच्या जानेवारीत तेवढाच टिकतो.

प्रश्न अजून फळ्यावर आहे:
आपली उद्यानं अधिक चांगली कशी होतील?
खाली दुसऱ्या शाईत: मोकळेपणाने लिहा. नाव नको.

नाव कशाला? मी अक्षरं ओळखतो.
हे तिरकं, कागद फाटेल इतकं दाबलेलं,
तरणतलावावरच्या लिगायाचं:
मुलांच्या शॉवरला गरम पाणी. तीन वर्षं झाली.
'तीन'खाली दोन रेघा.
हे फुगीर, नव्या पोराचं, येमानेचं:
हंगामी म्हणजे एकूण किती हंगाम?
तो पाचव्यांदा हंगामी आहे.

डेल्फीन एका चिठ्ठीत मावली नाही.
चार चिठ्ठ्या जोडून तिने पाठपोट लिहिलंय.
गवत कापायचं नवं यंत्र घेतलंत, रुंद,
ट्रकवर चढवायची फळी मात्र जुनीच, अरुंद.
यंत्र दोन उन्हाळे गोदामात झोपलंय
आणि त्याचा फोटो वार्षिक अहवालात उभा आहे.
शेवटी ट्रकचं चित्र, मापांसकट,
इंचाच्या अर्ध्यापर्यंत.
उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना
इंच कसा दिसणार म्हणा.

एक छापल्यासारखी: समन्वय.
बस, एवढंच. कोणाचा कोणाशी, ते नाही.
ही टाय लावून लिहिलेली आहे.

आणि एक कोरी.
पण चिकटवलेली नीट, चारही कोपरे अंगठ्याने दाबून,
म्हणून तीच एकटी पडली नाही.
ही वांडाची असणार, रोपवाटिकेतली.
काचघर बंद करायचं ठरलं
ते तिला वर्तमानपत्रातून कळलं होतं.
तेव्हापासून ती सभांना येते, बसते,
कोटाची बटणं काढत नाही.

माझी एकही नाही.
बोलावणं मलाही होतं, पण चार वाजता
सभेला येणाऱ्यांचे पाय घसरू नयेत म्हणून
पायऱ्यांवर मीठ टाकायला दुसरं कोण होतं?

लिहिलं असतं तर दोनच शब्द:
ऑरेस्टला विचारा.

केस्टर पार्कच्या रिंकखाली
ईशान्येच्या कोपऱ्यात जमीन वीतभर खचलेली आहे.
तिथे आधी बादलीने पाणी, तेही कढत,
मग एक सिगारेट संपेपर्यंत थांबायचं,
मग नळी, पातळ, भिंतीकडून आत.
नाहीतर बर्फ पोकळ धरतो
आणि शनिवारी कोणाचं तरी पोर हॉकी खेळताना
घोट्यापर्यंत आत जातं.
हे कुठल्याच नकाशात नाही.
हे ऑरेस्टच्या गुडघ्यात आहे, एकतीस हिवाळ्यांचं.
निरोपाला त्याला घड्याळ दिलं.
विचारलं कोणी काही नाही.

सहा वर्षं झाली. अजूनही रात्री अकराला
तो कुत्रं घेऊन फळ्यांपाशी येऊन उभा राहतो.
बोलत नाही. काठीने दाखवतो. मी नळी धरतो.
याला काय म्हणतात, प्रशिक्षण?
त्यासाठी अर्ज असतो, तो मी भरलेला नाही.

चिठ्ठ्या पाकिटात घातल्या, मुख्य कचेरीच्या.
वांडाची सोडवायला गेलो तर भिंतीचा रंग निघाला.
ती मी खिशात ठेवली. का, ते नक्की सांगता येणार नाही.
पाकिटावर लिहायचं होतं: एकूण सूचना, बेचाळीस.
त्रेचाळीस लिहिलं.

बाहेर उणे एकतीस.
पाण्याची किल्ली एकच आहे, सतरा पार्कांत मिळून,
आज नशिबाने माझ्याकडे.
बादलीतून वाफ निघतेय.
अकरा वाजून गेले. सव्वा. साडे.
कुत्र्याचा आवाज नाही.

कोपऱ्यातला खळगा कुठून सुरू होतो
ते मी बुटाच्या टाचेने चाचपतो,
पुन्हा चाचपतो,
थोडं डावीकडे.