चाळणीत न सापडणारं

सराफ बाजाराची शटरं नऊला खाली आली
की मायचा दिवस उगवायचा.
केरसुणी, घमेलं, पत्र्याचा डबा.
गटारीतला गाळ, पायऱ्यांवरची धूळ,
सोनाराच्या गादीखालचं काळंबेरं,
ती सगळं धुवायची, हलवायची,
पारा फिरवायची, तेजाब ओतायची,
आणि पहाटे तळाशी उरायचं
मसुराच्या डाळीएवढं पिवळं.
त्याच्यावर माझी दहावी, बारावी, एमेस्सी.

आता मी गिरणेपलीकडच्या टेकडीवर
काचेच्या कुपीत तेच करते, उलटं.
सोनं तेजाबात विरघळवते
आणि इतकं बारीक करून परत आणते
की ते पिवळं राहतच नाही.
एकदा कुपी घरी नेऊन दाखवली.
माय म्हणाली, "हाई सोनं शे?
हाई तं कुकूनं पानी.
चाळणीमा कसं सापडस?"
नाहीच सापडत, म्हटलं.
ती हसली. उठताना लंगडली.

टाचेवर रुपयाएवढा काळा डाग.
तेजाब सांडलं असेल, म्हणायची. तीन वर्षं म्हणत होती.
मग डागाला कडा फुटल्या,
मग तो चपलेत ओला राहू लागला.
तपासणीच्या कागदावर जो शब्द आला
तो माझ्या पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर
माझ्याच अक्षरात आहे.

काळा उंदीर. दोन्ही कुशींत एकेक गाठ.
डाव्या गाठीत सोनं सोडायचं
आणि वरून उजेडाची तिरीप,
डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाची.
सोनं तापतं. तेवढ्याच जागेत
भुसावळचा मे,
शेजारची कातडी मात्र माघातली.
पेशी फुटतात,
आणि इतके दिवस घरच्यासारखं वावरणाऱ्यांचं
खरं नाव बाहेर सांडतं.
ते वेचायला अंगातच झारेकरी असतात.
गाळ चिवडून, कण उचलून
ते काखेतल्या चौकीवर नेतात:
हा बघा, असा दिसतो.
चौकीतल्या शिपायांचे हात
गाठीनेच कधीचे बांधून ठेवलेले.
ते दुसऱ्या सुईतलं औषध सोडवतं.

एकविसाव्या दिवशी
सत्तावीस नंबरची उजवी गाठ,
जिला मी सोनंही दिलं नव्हतं आणि ऊनही,
चाचपडून सापडेना.
त्या दिवशी डबा तसाच घरी आला.
दहांतले चार असे.
उरलेल्या सहांचंही वहीत लिहिलं आहे,
तारखेसकट.

माय दहांत नाही.
उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता
जळगाव ते मुंबई नव्हे,
एका रात्रीत उतरता येत नाही.
मुंबईला आम्ही गेलो ते टाचेसाठी.
टाच कोरली, मांडीची कातडी तिथे लावली,
आणि डॉक्टर म्हणाले, बघू.
आता जांघेत अवधाण आलंय.
ती तिथे माझा हात लावून घेत नाही.

काल रात्री, पाय उशीवर,
तिने सगळं ऐकून घेतलं.
सोनं, ऊन, चौकी, शिपाई.
मला वाटलं विचारेल, मना पायले कव्हय?
बऱ्याच वेळाने विचारलं,
"आन् उंदीरना पोटमानं सोनं?
ते काढी लेतस का?"
नाही. ते काळजात राहतं, पाणथरीत राहतं.
"कोनी धोत नही?"
कुणी नाही.
उशी बाजूला सारून ती उठून बसली.
"मंग तुमना बेसिनखालना गाळ
फेकू नको. डबामा भरी लई ये."

आज टेबलाखाली डबा ठेवलाय.
पत्र्याचा, कडेला गंजलेला.
सर म्हणाले, हे काय?
मी बेसिनचं झाकण उघडत होते.